जाहिरातीत 21.5, रस्त्यावर 15 : डिझेल गाडीच्या मायलेजची तक्रार करता येते का?

प्रश्न : जालन्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. 20 महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या एका शोरूममधून डिझेल एसयूव्ही घेतली. किंमत साधारण 15 लाख. बिल दुकानाच्या नावावर आहे, मी एकटाच मालक. मराठी दैनिकातल्या पानभर जाहिरातीत ‘21.5 किमी प्रतिलिटर’ असं ठळक छापलं होतं. सेल्समनने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, ‘साहेब, गावात फिरवली तरी 18 च्या खाली येणार नाही, लिहून देतो.’ आतापर्यंत 28 हजार किलोमीटर झाले. गावात 14, समृद्धीवर 16, सरासरी 15. तक्रार केली तर सर्व्हिस सेंटरने पहाटे 40 किलोमीटर गाडी चालवून 20.4 काढून दाखवलं आणि जॉब कार्डवर ‘समाधानी’ म्हणून सही घेतली. मला गाडी परत देऊन पैसे हवे आहेत. केस होते का?

उत्तर : नमस्कार. आधी तारीख पाहा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जावं लागतं. तुमची मुदत गाडी ताब्यात घेतल्या दिवसापासून मोजली जाईल असंच धरून चाला. म्हणजे हातात चार महिने उरलेत. सर्व्हिस सेंटरच्या ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’वर विसंबून राहिलात तर हे महिने कधी गेले ते कळणार नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण तो मागावा लागतो, हक्काने मिळत नाही.

बिल दुकानाच्या नावावर आहे म्हणून समोरचा वकील पहिला मुद्दा काढेल की तुम्ही ‘ग्राहक’च नाही, गाडी व्यावसायिक कारणासाठी घेतली आहे. याला घाबरू नका. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डेमलर क्रायस्लरच्या प्रकरणात स्पष्ट केलं की कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली मोटार तेवढ्यावरून व्यावसायिक ठरत नाही. खरेदीचा नफ्याशी थेट संबंध आहे का, हे पाहायचं असतं. तुम्ही गाडी भाड्याने देत नाही, तिच्यातून खतांच्या गोण्या पोहोचवत नाही. घरच्यांसाठी आणि स्वतःच्या जाण्यायेण्यासाठी ती वापरता, हे शपथपत्रात नेमकं लिहा. तक्रार दुकानाच्या नावाने, पण ‘मालकामार्फत’ अशी करा.

आता तो 21.5 चा आकडा. तो कुठून आला हे तुम्हाला समजलं नाही, तर तक्रारीचा पायाच चुकेल.

हा आकडा कंपनी मनाने छापत नाही. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच असते. ठरावीक वेळापत्रकानुसार वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळं मिळून सुमारे 20 मिनिटं आणि 11 किलोमीटरहून थोडं कमी अंतर. खोलीचं तापमान 20 ते 30 अंशांच्या दरम्यान, एसी बंद. धुरात किती कार्बन गेला ते मोजून डिझेल किती जळलं याचा हिशोब होतो. या चाचणीत गाडीचा सर्वाधिक वेग ताशी 90 किलोमीटर असतो, आणि तोही शेवटी थोडाच वेळ.

तुम्ही समृद्धीवर कितीने चालवता ते पत्रात नाही. तिथे मोटारींना 120 ची मर्यादा आहे, आणि रिकामा रस्ता दिसला की काटा तिथेच जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 90 ऐवजी 120 ने चालवली तर तो पावणेदोन पटींहून जास्त होतो, आणि एसयूव्हीचं उंच, रुंद तोंड त्यात भर घालतं. मे महिन्यात जालन्यात एसी बंद ठेवून कुणी गाडी चालवत नाही. घर ते दुकान, दुकान ते मोंढा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तर इंजिन धड तापतही नाही. त्यात तुमची गाडी बीएस-6 म्हणजे धुराच्या कडक निकषांची आहे. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, भरला की ती जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. छोट्या फेऱ्यांत हे काम अर्धवट राहतं आणि पुन्हा पुन्हा सुरू होतं.

असा फरक फक्त आपल्याकडेच पडतो असंही नाही. आपल्या चाचणीचा साचा युरोपच्या जुन्या चाचणीवरून घेतलेला आहे. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने दाखवून दिलं की त्या चाचणीचे आकडे आणि रस्त्यावरचा खप यांतली तफावत 2001 मध्ये 9 टक्क्यांच्या आसपास होती, ती 2015 पर्यंत 40 टक्क्यांच्या पुढे गेली. म्हणून युरोपने 2017 पासून नवी, कडक चाचणी आणली. तरीसुद्धा 2021 साली नोंदणी झालेल्या गाड्यांच्या आतल्या मीटरवरची माहिती गोळा केल्यावर युरोपियन आयोगाला डिझेल मोटारींचा खप जाहीर आकड्यापेक्षा सरासरी 18 टक्के जास्त आढळला.

तुमचा हिशोब मांडू. 21.5 ऐवजी 15, म्हणजे त्याच अंतराला 43 टक्के जास्त डिझेल. फरक मोठा आहे, खिशाला जाणवणारा आहे. पण जुन्या धाटणीच्या चाचणीच्या तुलनेत तो जगावेगळा नाही. म्हणून ‘छापलं 21.5, मिळतं 15, सबब गाडीत उत्पादनदोष आहे’ एवढ्यावर तक्रार उभी केलीत तर कंपनी चाचणीचं प्रमाणपत्र पुढे ठेवेल आणि तुमचं म्हणणं तिथेच अडकेल. जर्मनीत जाहीर आकड्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त डिझेल किंवा पेट्रोल लागलं तर तो गाडी परत करण्याइतका दोष मानतात, आणि आपल्याकडे त्याचे दाखले दिले जातात. पण तिथेही त्या गाडीची प्रयोगशाळेत पुन्हा चाचणी करून तुलना होते, रस्त्यावरच्या आकड्याशी नाही.

गाडी परत देऊन सगळे पैसे मिळवण्याचा विचार सोडा, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगतो. दुरुस्तीने भागत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात घेतली. 28 हजार किलोमीटर चाललेली गाडी परत घ्या असा आदेश केवळ मायलेजवर मिळणं फार कठीण आहे.

मग तुमची बाजू कुठे आहे? विकताना तुम्हाला जे सांगितलं त्यात आहे, आणि तिथे ती चांगली भक्कम आहे.

जाहिरातीचं पान जपून ठेवलं असेल तर नीट पाहा. अशा जाहिरातीच्या तळाशी बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ असते : केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 115 (जी) खाली चाचणी संस्थेने प्रमाणित केल्याप्रमाणे. ती ओळ कंपनीची ढाल आहे. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत म्हटलं आहे की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, त्याच टंकात हवा आणि ठळकपणे दिसेल असा हवा. मराठी वाचकाला मराठीत ‘21.5’ सांगायचं आणि ‘हे प्रयोगशाळेतलं आहे’ ही गोष्ट मात्र भिंग घेऊन वाचावं लागेल अशा इंग्रजीत ठेवायची, हे मला व्यक्तिशः अजिबात मान्य नाही. मराठवाड्यातला शेतकरी, दुकानदार, मास्तर गाडी घेताना आधी ‘किती देते?’ हेच विचारतो. त्याच्या निर्णयाचा कणा असलेली माहिती त्याच्या भाषेत न देणं ही फसवणूकच आहे. तुमच्या जाहिरातीत तसं असेल तर हा मुद्दा तक्रारीत पहिल्या पानावर घ्या. कलम 2(28) खाली ती दिशाभूल करणारी जाहिरात आणि कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असं मांडा.

दुसरा पुरावा त्याहून जोरदार आहे : सेल्समनचा संदेश. तो प्रयोगशाळेबद्दल बोलतच नाही. ‘गावात फिरवली तरी 18 च्या खाली नाही’ हे रस्त्यावरच्या वापराचं सरळ आश्वासन आहे. त्याला नियम 115 ची ढाल लागू पडत नाही. तो फोन विकू नका, बदलू नका, ती चॅट पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा समजू नका. संपूर्ण संभाषण तारखांसह काढा आणि सोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. तो नंबर शोरूमच्याच माणसाचा होता हे दाखवायला त्याचं व्हिजिटिंग कार्ड, बुकिंग फॉर्मवरचं नाव, कोटेशन, जे असेल ते शोधून काढा.

ग्राहकांच्या बाजूने निकाल लागलेले आहेत. टाटा इंडिगोच्या जाहिरातीतल्या 25 किलोमीटरच्या दाव्यावर कोलकात्याच्या ग्राहकाने तक्रार केली होती. राष्ट्रीय आयोगाने 2018 मध्ये त्याला 2 लाखांची भरपाई दिली आणि आणखी दीड लाख दंड राज्याच्या ग्राहक कल्याण निधीत भरायला लावला. केरळमधल्या त्रिशूरच्या जिल्हा आयोगाचा 2022 चा निकाल तर तुमच्या प्रकरणाला जास्त जवळचा आहे. फोर्ड क्लासिक डिझेल, सांगितलेलं मायलेज 32. आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने प्रत्यक्ष चाचणी घेतली तेव्हा 19.6 निघालं. तक्रारदार महिलेला आर्थिक नुकसानीचे दीड लाख, मनस्तापाचे दीड लाख आणि खर्चाचे 10 हजार मंजूर झाले. त्या चाचणीशिवाय हे आकडे मिळाले नसते.

म्हणून सर्व्हिस सेंटरच्या त्या पहाटेच्या फेरीकडे येतो. 40 किलोमीटरला 20 च्या हिशोबाने फक्त 2 लिटर डिझेल लागतं. टाकी भरताना पंपाची नोझल अर्धा लिटर अलीकडे-पलीकडे बंद झाली तर तीच गाडी 16 ही दाखवेल आणि 27 ही. अशा चाचणीला काही अर्थ नाही, आणि हे साधं गणित आयोगापुढे कागदावर मांडता येतं. तुमची सही अडचणीची आहे, पण त्याने दावा बुडत नाही. आजच शोरूमला ईमेल करा : चाचणी कशी घेतली, एसी होता का, वेग किती, डिझेल कसं मोजलं हे मला समजावलं नव्हतं, सही गाडी ताब्यात घेण्यासाठी केली, निष्कर्ष मला मान्य नाही. यापुढे ‘तक्रार मिटली’ असं लिहिलेल्या कागदावर, मोफत वॉरंटी वाढवून देतो म्हणाले तरी, सही करू नका.

गाडीत खरोखरच काही बिघाड आहे का, हेही याच महिन्यात पाहून घ्या, कारण तो वेगळा दावा आहे आणि वॉरंटीत बसतो. डीपीएफची सफाई किती किलोमीटरवर होतेय याचा स्कॅन रिपोर्ट लेखी मागा. ऑइलची पातळी वर चढत असेल तर त्यात डिझेल मिसळतंय, हे गंभीर आहे. ब्रेक चिकटतात का, अलाइनमेंट ठीक आहे का, हे जॉब कार्डवर नोंदवून घ्या. दिलं नाही तर ‘मागितलं, दिलं नाही’ याचा ईमेल करा.

तुमच्या बाजूची नोंद डॅशबोर्डवरच्या आकड्यावर ठेवू नका. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा. रिझर्व्हजवळ येईपर्यंत चालवा. पुन्हा तिथेच फुल करा. दोन्ही पावत्या आणि ओडोमीटरचे फोटो. टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढी. समृद्धीवरची एक टाकी 80-90 च्या वेगात काढून पाहा. तिथे मायलेज 19 वर गेलं तर ते लपवू नका. उलटतपासणीत बाहेर येण्यापेक्षा तुमच्या तोंडून आलेलं बरं, आणि ‘गावात 18’ या आश्वासनाला त्याने बाधा येत नाही.

मागायचं काय? 28 हजार किलोमीटरला 15 ने 1,867 लिटर लागलं, 18 ने 1,556 लागलं असतं. फरक 311 लिटरचा. लिटरला 90 रुपये धरले तर 28 हजार रुपये. पुढच्या 1 लाख किलोमीटरला हाच फरक 1 लाखाच्या घरात जातो. हे दोन्ही आकडे नुकसानभरपाईत मागा. शिवाय तज्ज्ञामार्फत दोन्ही पक्षांसमोर चाचणी, बिघाड निघाल्यास मोफत दुरुस्ती, मनस्ताप, खर्च, आणि कंपनीने स्वखर्चाने मराठीत दुरुस्तीची जाहिरात द्यावी ही मागणी. कलम 39 मध्ये या शेवटच्या मागणीची सोय आहे आणि ती बहुतेक तक्रारदार वापरतच नाहीत. चाचणीचा खर्च सुरुवातीला तुम्हालाच भरावा लागेल, तेवढी तयारी ठेवा.

शोरूम आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. तुम्ही जालन्यात राहता म्हणून तक्रार जालन्याच्या जिल्हा आयोगातच करता येते. बुकिंग फॉर्मवर ‘फक्त मुंबई न्यायालय’ छापलं असलं तरी. 10 ते 20 लाखांच्या वस्तूसाठी शुल्क 400 रुपये आहे. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. त्या जाहिरातीबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार द्या. त्यातला दंड 10 लाखांपर्यंत असतो, तो तुम्हाला मिळत नाही, पण ती जाहिरात थांबू शकते.

या आठवड्यात 15 दिवसांची नोटीस दोघांनाही पोचपावतीसह टपालाने पाठवा, सोबत ईमेलही. उत्तर आलं, न आलं, तरी पुढच्या महिन्याच्या आत तक्रार दाखल झालेली हवी. नोटीस पाठवल्याने दोन वर्षांची मुदत वाढत नाही.