वाचकांचे प्रश्न : पांझरफाउस्टच्या नळीतून मागे काय जाते?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातले जर्मन ‘पांझरफाउस्ट’ हे रॉकेट होते, असे वाचले. खरे का? आणि पल्ला जेमतेम 30 मीटर कसा? – एक वाचक, सांगली

उत्तर : रॉकेट नव्हे. हे एकट्या सैनिकाने हातात धरून चालवायचे रणगाडाविरोधी शस्त्र. रॉकेटची दारू हवेत उडतानाही जळत राहू शकते. पांझरफाउस्टमधला काळ्या दारूचा छोटा भार नळीतच जळून संपायचा. नळी दोन्ही टोकांना उघडी. गोळा पुढे जाई, वायू मागे जाई, म्हणून खांद्याला धक्का बसत नसे.

हे सुचले गरजेपोटी. 1941 मध्ये रशियन टी-34 रणगाडा समोर आला आणि जर्मनांची 7.92 मिमीची रणगाडाविरोधी रायफल कुचकामी ठरली. तिची भेदकता गोळीच्या वेगावर अवलंबून होती. शेप्ड चार्जला वेग लागत नाही. स्फोटकाच्या पोकळीत बसवलेला धातूचा शंकू स्फोटाने चेपला जातो आणि त्याचीच बारीक धार चिलखतातून आरपार जाते. गोळा सावकाश गेला तरी चालतो, हे हेरून लाइपझिगच्या हासाग कारखान्यात हाइनरिश लांगवाइलर यांनी 1942 मध्ये याचा पाया घातला. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी : पुढे श्लीबेनच्या कारखान्यात ही शस्त्रे बुखेनवाल्ड छळछावणीच्या कैद्यांकडून बनवून घेतली गेली.

पांझरफाउस्ट 30 ची नळी 44 मिमीची, पण गोळ्याचे डोके सुमारे 15 सेंमी रुंद, म्हणून ते नळीबाहेरच राही. मागच्या लाकडी दांड्याला स्प्रिंगच्या पातळ पोलादी पात्या गुंडाळलेल्या असत; नळीतून सुटताच त्या उलगडत. सगळे मिळून वजन 5 किलोच्या आसपास, भेद सुमारे 200 मिमी जाड चिलखताचा.

किंमत मोजावी लागे ती वेगात. गोळा सेकंदाला 30 मीटर जाई, म्हणजे 30 मीटरला पूर्ण एक सेकंद. एका सेकंदात कोणतीही वस्तू जवळपास 5 मीटर खाली येते! म्हणून नळी वर उचलूनच नेम धरावा लागे. त्याच सेकंदात ताशी 20 किमीने चाललेला रणगाडा साडेपाच मीटर पुढे सरकतो. नेम चुकण्याचे कारण हेच. 1944 च्या पांझरफाउस्ट 60 मध्ये नळी 50 मिमीची झाली आणि वेग सेकंदाला 45 मीटर. पांझरफाउस्ट 100 मध्ये 60. नावातला आकडा म्हणजे मीटरमधला पल्ला.

नळीवर ‘आख्टुंग! फॉयरश्ट्राल!’ – सावधान, आगीचा झोत – असे छापलेले असे. मागे भिंत असली तर तोच झोत उलटून चालवणाऱ्याला भाजून काढी. खोलीतून किंवा अरुंद खंदकातून ते सोडणे धोक्याचे होते, ते यामुळे.

प्रश्न : एका फोटोत लांब नळी घेतलेल्या जर्मन सैनिकाने गॅस मास्क घातलाय. विषारी वायू होता का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ती नळी म्हणजे 88 मिमीचा पांझरश्रेक, हेही रणगाडाविरोधी शस्त्र. हाती लागलेल्या अमेरिकन बझूकावरून (खांद्यावरून रॉकेट सोडायची नळी) बनवला, आणि हे मात्र खरेखुरे रॉकेट. नळीबाहेर पडल्यावरही ते जळत राही, त्याचे कण चालवणाऱ्याच्या तोंडावर येत. म्हणून मास्क आणि हातमोजे. नंतर काचेची छोटी खिडकी असलेली पत्र्याची ढाल बसवली. वजन 9 किलोंवरून 11 किलोंवर गेले. पल्ला सुमारे 150 मीटर. सैनिक त्याला ‘ओफेनरोर’ म्हणत, म्हणजे शेगडीचे धुराडे. थंडीत दारू हळू जळते, म्हणून हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची रॉकेटे वेगळी असत.

प्रश्न : आजचे ‘पांझरफाउस्ट 3’ त्याचेच पुढचे रूप का? – एक वाचक, पुणे

उत्तर : कल्पना तीच, खरी सुधारणा मागच्या टोकाला झाली. आधी ‘आर्मब्रुस्ट’ हे जर्मन रणगाडाविरोधी शस्त्र आले. त्यात पुढे गोळा आणि मागे प्लास्टिकच्या चकत्या सुटतात, दोन दट्टे नळीची तोंडे बंद करतात आणि आग-धूर आतच अडकतो. पांझरफाउस्ट 3 सुद्धा मागे वजन फेकते, त्यामुळे ते बंद जागेतूनही चालवता येते. नळीबाहेर पडल्यावर रॉकेट पेटते, म्हणून पल्ला 300 मीटरच्या वर. नेम धरायचे साधन आणि मूठ सैनिकाकडेच राहते. टाकून द्यायची ती फक्त रिकामी नळी.