पहिलं स्ट्रेटनर घेताना

अगं, रंग आणि ब्रँड नंतर बघ. आधी तापमान कमी-जास्त करता येतं का ते बघ. नुसतं चालू-बंदचं बटण असलेलं घेऊच नकोस. पातळ किंवा रंगवलेल्या केसांना १५० अंशांच्या आसपास पुरतं, दाट कुरळ्यांना १८० ते २००. एकदम २३० वर कशाला जायचं? केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचे बनतात ते प्रथिन, एकदा भाजलं की सुधारत नाही, तेवढे केस कापावेच लागतात. पहिलंच आहे तर सिरॅमिक प्लेटचं घे. टायटॅनियम फार पटकन तापतं, हात बसेपर्यंत नको. खांद्यापर्यंतच्या केसांना इंचभर रुंद प्लेट पुरे. वायर मुळाशी फिरणारी हवी. आणि केस पूर्ण वाळल्याशिवाय, हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवणारा स्प्रे किंवा क्रीम) लावल्याशिवाय प्लेट टेकवू नकोस, कितीही घाई असली तरी.