भांड्याचा नाद आणि रात्रीची गोळी

"मॅडम, आता झोप लागते. मग गोळ्या बंद केल्या तर चालेल ना?"

सुनंदाताई (नाव बदललं आहे) वर्तकनगरहून येतात. वय 58. यजमान गेल्यापासून झोप उडालेली, छातीत धडधड. मनोविकारतज्ज्ञांची नैराश्यावरची औषधं चालू होती, सोबत माझ्याकडे समुपदेशनाचं बोलणं. मध्यंतरी शेजारीण त्यांना घोडबंदर रोडला ध्वनिउपचाराच्या सत्राला घेऊन गेली. छातीवर काशाचं भांडं ठेवून वाजवलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या मनसोक्त रडल्या. तिथे कुणीतरी म्हणालं, आता औषधं कशाला? लेक धास्तावून त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

हा प्रश्न मला वरचेवर येतो. त्यांना मिळालेला आराम खराच होता, तो मी कशाला नाकारू? डोळे मिटून निवांत पडलं, एकच लांब नाद कानावर येत राहिला, की श्वास संथ होतो, उच्छ्वास लांबतो, धडधड उतरते. पण त्याने आजार मुळापासून जातो, असं म्हणायला आधार नाही.

सुनंदाताईंना मधुमेह आहे. मी विचारलं, "डॉक्टर ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्याला लावतात ना?"

"हो, थरथर कळते का विचारतात."

तो 128 हर्ट्‌झचा फोर्क, म्हणजे सेकंदाला 128 वेळा थरथरणारा धातूचा चिमटा. नसांची संवेदना शाबूत आहे का, ते त्यावरून कळतं. साखर मात्र त्याने उतरत नाही. "मग साखरेची गोळी बंद केलीत?" त्या गप्प झाल्या. नैराश्याची औषधं एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी, डोक्यात विजेसारखे झटके येऊ शकतात, आजार उलटूही शकतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू. (पेसमेकर असेल किंवा फिट्स येत असतील, तर अशा सत्राआधीही डॉक्टरांना विचारा.)

मग त्यांना भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव, करायला सांगितली, तळहात छातीच्या मधोमध ठेवून. पहिल्यांदा आवाज चिरकला. तिसऱ्या वेळी बोटं जराशी दाबली गेली.

"इथे थरथरतंय," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. "पोळ्या लाटताना मी गुणगुणायचे. हे बाहेरून म्हणायचे, जरा मोठ्याने म्हण की. ते गेल्यापासून तोंडातून सूरच निघाला नाही."

त्या दिवशी आम्ही गोळ्यांचा विषय पुन्हा काढला नाही. यजमानांबद्दल बोलत बसलो.

डॉक्टरांनी डोस सध्या तोच ठेवलाय. सत्राला त्या महिन्यातून एकदा जातात, माझी काही हरकत नाही.