किम-१ या सत्तरच्या दशकातल्या छोट्या संगणकाच्या साधारण १ केबी मेमरीत बुद्धिबळ कसे बसवले होते?

पीटर जेनिंग्स यांचा मायक्रोचेस (१९७६) हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम पाहिला की उत्तर मिळते. किम-१ मध्ये १०२४ बाइट रॅम आणि वर १२८ बाइट सुटे. पडदा नाही, फक्त सहा अंकी एलईडी.

मुख्य बचत पटाच्या मांडणीत आहे. ६४ घरांचा तक्ता नाहीच. ३२ मोहऱ्यांची यादी आहे, प्रत्येकाला एक बाइट, त्यात तो कुठल्या घरात आहे ते. डावा अंक आडवी ओळ, उजवा उभी पट्टी, दोन्ही ० ते ७. चाल म्हणजे त्या बाइटमध्ये ठरावीक आकडा मिळवणे. मग हेक्स (सोळाच्या पद्धतीतल्या) ८८ शी ‘अँड’ करायचे, म्हणजे दोन्हीकडे १ असलेले बिटच ठेवायचे. शून्य आले नाही तर मोहरा पटाबाहेर गेला. एका सूचनेत चारही कडा तपासून होतात, ही त्यातली खरी हुशारी.

खेळताना ६३४३ (घर ६३ वरून ४३ वर) टाकले की डावीकडे मोहऱ्याचा क्रमांक दिसतो: १एफ, म्हणजे तुमचे राजापुढचे प्यादे. एफएफ दिसले तर सुरुवातीचे घर रिकामे आहे, आकडे पुन्हा टाका. बरोबर असेल तर चाल नोंदवायला एफ ही कळ, मग संगणकाला त्याची चाल खेळायला लावणारी पीसी ही कळ.

अडचण इथेच येते. तुमची चाल नियमात बसते का, हे तो तपासतच नाही. हत्ती तिरका नेलात तरी निमूट मान्य! किल्लेकोटही त्याला येत नाही. राजा आणि हत्ती दोन वेगळ्या चालींनी हातानेच हलवायचे, आणि दोन्ही झाल्यावरच पीसी दाबायचे.