आईचे राहिलेले रोजे मी धरू शकतो का? तिच्या नावाने हज करता येईल का?

भाऊ, अल्लाह तुमच्या आईची मगफिरत करो, तिला माफी देवो. तुम्ही लिहिलंय की आजारपणात तिचे रोजे सुटले, हजला जायचं राहून गेलं, तर आता तिच्या वतीने रोजे, नमाज, हज यातलं काय करता येईल? मी आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार नाही. यावल तालुक्यातला तडवी शेतकरी आहे, केळी लावतो. पण माय गेली तेव्हा हेच सगळं घेऊन मी मौलवीसाहेबांपुढे बसलो होतो, म्हणून लिहितो.

आधी हे बघा, की तिच्याकडे खरंच काही बाकी होतं का. ज्या आजारात रोजे सुटले त्याच आजारात माणूस गेला, मधे बरा झालाच नाही, तर त्याच्यावर कजा, म्हणजे सुटलेला रोजा नंतर भरून देणं, राहत नाही. धरायला दिवसच मिळाले नाहीत, तर बाकी कशाची? कायमचं दुखणं असेल, बरं व्हायची आशाच नसेल, तर मात्र दर रोज्यामागे फिदिया, म्हणजे गरिबाला द्यायचं धान्य किंवा पैसे, लागतो.

माझ्या मायचं वेगळं होतं. ती गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली तर झाकणाच्या आत खिळ्याने ओढलेल्या रेघा. सुटलेल्या रोज्यांच्या. काही एका रमजानात टायफॉइड झाला होता तेव्हाच्या, उरलेल्या तिच्या पाळीच्या दिवसांतल्या. कजा रोजा धरला की त्या रेघेवर आडवी फुली. “थंडीत धरीन, दिवस लहान असतो,” म्हणायची, अन् थंडीतच कापसाची वेचणी यायची. बिनफुलीच्या रेघा मी बोट ठेवून मोजल्या. ४७ निघाल्या.

मी म्हटलं, ४७ रोजे मीच धरतो. मौलवीसाहेब म्हणाले, आपल्या हनफी मताने (सुन्नी मुसलमानांतला एक पंथ) रोजा आणि नमाज ही ज्याची त्यानेच करायची इबादत, दुसऱ्याने धरून ती फिटत नाही. बदल्यात फिदिया द्यायचा, एका रोज्याला एका फितऱ्याएवढा, म्हणजे रमजान ईदला माणशी जे दान देतात तेवढा. आमच्या मशिदीत पावणेदोन किलो गहू धरतात. ४७ रोज्यांचे ८२ किलोच्या वर झाले, ते आम्ही गावातल्या दोन गरीब विधवांच्या घरी पोचवले. बुखारी या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, ग्रंथात त्यांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगितलेली हदीस आहे, की ज्याच्याकडे रोजे बाकी असताना तो गेला, त्याच्या वतीने त्याच्या वलीने, म्हणजे जवळच्या वारसाने, धरावेत. त्यावरून काही आलिम मुलांना रोजे धरायची मोकळीक देतात. म्हणून अहले हदीस (थेट हदीसवर चालणाऱ्या पंथाच्या) शेजाऱ्याने वेगळं सांगितलं तर गोंधळू नका, तुम्ही ज्या मताने चालता त्याच्या आलिमाला विचारा.

पैशाचंही सांगतो, कारण इथे घरं तुटताना पाहिली आहेत. आईने तशी वसियत (मृत्युपत्र) केली असेल तर फिदिया तिच्या मालमत्तेच्या एक तृतीयांशातून देणं वारसांवर बंधनकारक आहे. केली नसेल तर ज्याने त्याने खुशीने द्यायचं. बहिणींना न विचारता त्यांच्या वाट्यातून एक रुपयाही उचलू नका. मायच्या नावाने सवाब (पुण्य) कमवायचा अन् तिच्याच लेकीचा हक्क मारायचा, हे मला कधीच पटणार नाही.

हजचं मोकळं आहे. जुहैना कबिल्यातल्या एका बाईने पैगंबरांना (सल्ल.) विचारलं होतं, की आईने हजचा नवस केला होता, पण ती त्याआधीच गेली, मी तिच्या वतीने करू का? ते म्हणाले, कर. आईवर कर्ज असतं तर तू फेडलं नसतंस का? खसअम कबिल्यातल्या बाईचा बाप तर जिवंत होता, पण म्हातारपणाने सवारीवर बसू शकत नव्हता, तिलाही परवानगी मिळाली. मात्र आधी स्वतःची हज करा, मग आईची. नियत (संकल्प) तिच्या नावाची, हजमधली ‘लब्बैक’ (मी हजर आहे) ही हाकही तिच्या नावाने. आणि तिच्या हयातीत हजला पुरेल इतका पैसा कधी हाती आलाच नसेल, तर हज तिच्यावर फर्ज (बंधनकारक) नव्हतीच. तेव्हा कर्ज काढून जाऊ नका, ऐपत होईल तेव्हा जा.

बाकी दुआ, दान ही सगळी तिला पाठवायची भेट आहे, त्या भेटीला हद्द नाही. पैगंबरांचे साथी साद बिन उबादांनी त्यांना आईच्या नावाने कोणता सदका (दान) चांगला विचारलं, तर उत्तर मिळालं: पाणी. त्यांनी विहीर खणली. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. मी शेताच्या कडेला, रस्त्यालगत निंबाखाली दोन रांजण ठेवलेत. केळी कापणारे मजूर घड वाहून आले की आधी तिथे थांबतात. कपडा बांधलेल्या रांजणातून पहिला गडू निघाला की मी मनात ‘रब्बिरहम्हुमा कमा रब्बयानी सगीरा’ म्हणतो, म्हणजे हे रब, यांनी मला लहानपणी वाढवलं तशी तू यांच्यावर दया कर.

अजून एक, जे मला उशिरा कळलं. आईबापाच्या दोस्तांशी नातं जपणं हीसुद्धा त्यांच्याशी केलेली नेकी आहे, असं हदीसमध्ये आहे. मायची मैत्रीण आमच्या शेजारची लेवा पाटलांची आजी. मायच्या हयातीत ईदला शीरखुर्मा तिच्याकडे जायचा अन् आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तिथून पुरणपोळी यायची. माय गेल्यावर पहिल्या ईदला कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. दुसऱ्या ईदला मी स्वतः डबा घेऊन गेलो. तिने झाकण काढलं, वास घेतला अन् म्हणाली, “चारोळी तिच्यासारखीच घातली रे.”