घारींच्या घिरट्या आणि विमानाची वाट

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : महोदय, स. न. वि. वि. आम्ही उजळाईवाडीच्या विमानतळापासून जवळच राहतो. ऊन चढले की आमच्या गच्चीवरून दहा-वीस घारी एकाच जागी घिरट्या घालत वर जाताना दिसतात आणि कधी कधी नेमके त्याच वेळी विमान उतरत असते. माझा धाकटा मुलगा वैमानिक होण्याचे म्हणतो आहे, म्हणून विचारतो. वैमानिकाला या घारी दिसत नाहीत का? दिसल्या तर तो विमान बाजूला का घेत नाही? आणि धडक झालीच तर विमानाचे काय होते?
– एक वाचक, उजळाईवाडी, जि. कोल्हापूर

उत्तर : घारी दिसतात, पण बहुधा उशिरा. उतरताना लहान प्रवासी विमानाचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असतो. तो ताशी २१६ किलोमीटर धरला, तर विमान दर सेकंदाला ६० मीटर पुढे सरकते. घारीचे पंख पसरल्यावर दीड मीटर भरतात खरे, परंतु वैमानिकाच्या डोळ्यांच्या पातळीवर तरंगणारी घार समोरून पाहिल्यास पंखांच्या जाडीएवढी एक बारीक रेघच असते आणि मागे डोंगर किंवा झाडी असली की तीही लपते. समजा, ती ३०० मीटरवरून नजरेस पडली, तर हातात पाच सेकंद राहतात. तेवढ्यात तिला ओळखायचे, निर्णय घ्यायचा आणि काही टन वजनाचे यंत्र वळवायचे असते. विमानातले हवामानाचे रडार पावसाचे ढग दाखवण्यासाठी असते, एकट्यादुकट्या घारीसाठी त्याचा भरवसा धरता येत नाही.

बाजूला न घेण्यामागे आणखी एक कारण आहे. जमिनीजवळ, कमी वेगात, चाके आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) खाली असताना एकदम वळण घेणे हे घारीच्या धडकेपेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकते. म्हणून प्रशिक्षणात पहिला धडा विमान ताब्यात ठेवण्याचा असतो. उंची आणि वेग पुरेसा असेल तर साधारणपणे पक्ष्याच्या वरून जाण्याचा प्रयत्न करतात, कारण दचकलेला शिकारी पक्षी पंख मिटून खाली सूर मारण्याची शक्यता जास्त असते. उड्डाणासाठी धावताना वेगाने ठरलेली मर्यादा ओलांडली असेल, तर पक्षी आदळला तरी ब्रेक लावत नाहीत; आधी हवेत उठतात आणि मग परत येऊन उतरतात.

धडकेचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे महत्त्वाचे. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आपली घार पाऊण किलोच्या आसपास भरते, गिधाड मात्र पाच किलो किंवा त्याहूनही अधिक भरते. मोठ्या प्रवासी विमानाची समोरची काच १.८ किलोचा पक्षी आदळला तरी फुटून आत येणार नाही, अशी कसोटीला उतरवलेली असते. त्यामुळे घार आदळल्यास बहुतेक वेळा काचेवर रक्तामांसाचा सडा पडतो, पंखाच्या कडेला पोचा पडतो किंवा इंजिनाची पाती वाकतात आणि विमान सुखरूप उतरते. आपला मुलगा सुरुवातीला ज्या चार आसनी विमानात शिकेल, त्याच्या काचेला ही अट लागू नसते. त्याला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेली बरी.

आता त्या घिरट्यांविषयी. मुरमाड माळ आणि डांबरी धावपट्टी उन्हाने लवकर तापते, भोवतालचे उसाचे ओले रान उशिरा तापते. तापलेली हवा वर उठते आणि घारी पंख न हलवता, फक्त दुभंगलेली शेपटी सुकाणूसारखी पिळत, तिच्यावर स्वार होतात. ही हवा आपण बंद करू शकत नाही. पण घारींना तिथे राहावेसे का वाटते, हे मात्र पुष्कळसे माणसाच्या हाती आहे. चिकन सेंटरमागे टाकलेली आतडी आणि पिसे, उघडा कचरा, मेलेले जनावर ओढ्याकाठी टाकण्याची सवय हे सारे घारीचे ताट असते. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात जनावरे कापून वा कचरा टाकून पक्ष्यांना आमंत्रण देण्यास विमान नियमांनुसार मनाई आहे. धावपट्टीवर फटाके वाजवणारा माणूस घारींना तासाभरापुरते हाकलतो, कचऱ्याची गाडी त्यांना रोज परत बोलावते. आमच्या मते, आपल्या पत्रातल्या धोक्याचा मोठा भाग वैमानिकाच्या खिडकीतून नव्हे, गावाच्या कचराकुंडीपाशी ठरतो. पहिल्या वळवानंतर पंखांची वाळवी उडू लागली की घारींची गर्दी वाढते, तेवढे दिवस विमानतळाला डोळ्यांत तेल घालूनच राहावे लागते.

पूर्वी विमानांना धोका ठरणाऱ्या पक्ष्यांत गिधाडे वरच्या स्थानी होती. १९८० च्या दशकात सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने देशातील विमानतळांवर पक्ष्यांचा अभ्यास केला, त्यात गिधाडे आणि घारी यांचाच मुख्य उपद्रव दिसला. पुढे जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात जाऊन गिधाडे झपाट्याने मेली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. धावपट्ट्या गिधाडांपासून अशा रीतीने मोकळ्या झाल्या, याचे समाधान मानावे असे कोणालाही वाटणार नाही.

प्रश्न : प्रवासी विमान खूप वर गेले की पक्ष्यांचा धोका पूर्णपणे संपतो का?
– एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : जवळजवळ संपतो. बहुतांश धडका जमिनीपासून हजार मीटरच्या आतच होतात. तरीही २९ नोव्हेंबर १९७३ रोजी आयव्हरी कोस्टमधील आबिजानवर ३७,००० फूट उंचीवर एका जेट विमानाला रुपेल जातीचे आफ्रिकी गिधाड धडकले. एक इंजिन बंद करावे लागले, पण विमान सुखरूप उतरले. सापडलेल्या पिसांवरून पक्षी ओळखता आला.

प्रश्न : मला पॅराग्लायडिंग शिकायचे आहे. गरुड हल्ला करतात, असे मैत्रीण म्हणते. खरे आहे का?
– एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : क्वचित, पण खरे आहे. ऑस्ट्रेलियातील मनिला येथे २००७ मध्ये दोन गरुडांनी एका ब्रिटिश महिला पॅराग्लायडरच्या छत्रीवर हल्ला केला. एक गरुड दोऱ्यांत अडकला, तरी ती जिवंत उतरली. आपल्याकडे घारी आणि गिधाडे बहुधा सोबतीच असतात. त्या घिरट्या घालतात तिथे वर उठणारी हवा आहे, हे ओळखून पॅराग्लायडर चालवणारे तिकडे जातात आणि त्यांच्याच दिशेने गोल फिरतात. सावध राहायचे ते विणीच्या काळात, घरट्याच्या कड्याजवळ. पक्षी ओरडत आपल्या छत्रीच्या वर येऊन वारंवार खाली झेपावू लागला, तर तो इशारा समजावा आणि डोंगराची ती धार सोडून दरीकडे निघावे. मात्र घाईत ब्रेक ओढून छत्री मिटवून घेऊ नये. प्रशिक्षकाकडून राखीव पॅराशूट कसे व कधी उघडायचे, हे पहिल्या उड्डाणाआधी हाताने करून शिकून घ्यावे.