'बिद्लो': शिवी, गुरं की घर?

प्रश्न असा आलाय की रशियनमध्ये 'बिद्लो' ही शिवी, पोलिश डिक्शनरीत त्याचाच अर्थ गुरंढोरं आणि चेकमध्ये घराशी संबंधित काहीतरी, मग हे तीन वेगळे शब्द का? नाही हो, शब्द एकच.

या तिन्ही भाषांचं मूळ क्रियापद 'बिति' म्हणजे असणे, संस्कृत 'भू'च्या भावकीतलं. त्यावरून आधी असणं, मग राहणं, राहायची जागा (भू वरून भवन झालंच की). चेक लोक इथेच थांबले, त्यांच्याकडे बिद्लेत म्हणजे राहणे आणि फॉर्मवर कायमच्या पत्त्याला आजही 'त्रवाले बिद्लिश्ते'. एखाद्याला सुख टोचायला लागलं की म्हणतात, चांगलं बिद्लो त्याला पोळतंय! पोलिशमध्ये मात्र राहण्यावरून मालमत्ता आणि मालमत्ता म्हणजे गोठ्यातली जनावरं असं सरकत सरकत ते गुरांवर आलं, उच्चार बिद्वो. इंग्रजी कॅटलसुद्धा मुळात मालमत्ताच, आपल्याकडे गोधन म्हणतात तेच.

रशियनने तो पोलिशकडून उचलला हे कशावरून, तर त्यातल्या द वरून. असल्या जोडाक्षरातला द रशियनमध्ये कधीच गळून गेलाय, साबण बघा ना, चेक मीद्लो, पोलिश मिद्वो, रशियन नुसतं मिलो. म्हणजे घरचा असता तर 'बिलो' झाला असता. युक्रेन-बेलारूसचा बराच मुलुख पोलिश सरदारांच्या हाताखाली होता, ते राबणाऱ्या कुळांना गुरं म्हणायचे, शिवी तिथून आली असं मानतात.

रशियनमध्ये खऱ्या गुरांना 'स्कोत' म्हणतात, बिद्लो फक्त माणसांसाठी, तेही बहुतेक वेळा अख्ख्या घोळक्याला, म्हणजे मुकाट हाकलं जाणारं किंवा अडाणी, आरडाओरडा करणारं पब्लिक. तिकडच्या अचकटविचकट शिव्यांना 'मात' म्हणतात, त्यात हा शब्द येत नाही, त्यामुळे सभ्य शिकलेली माणसंही बिनदिक्कत वापरतात आणि मला विचाराल तर म्हणूनच जास्त लागतो, कारण त्यात राग कमी आणि माज जास्त.

पोलिश शेतकऱ्याला मात्र तुमच्याकडे बिद्वो किती असं खुशाल विचारा, तो आकडा सांगेल. पण माणसांच्या गर्दीला म्हणालात तर तिथेही शिवीच, आणि एकट्या नीच माणसाला 'बिद्लाक' म्हणतात.